तू चाय सांग, मी पक्ष सांगतो!

कॉलेज सुटलं की गेटसमोरच्या टपरीवर तुमचा ग्रुप जमतो. कुणीतरी ऑर्डर देतो, "भाऊ, चार कट, एक बिनसाखरेची, अन् एक काळी." तेवढ्यात ग्रुपमधला स्वयंघोषित राजकीय विश्लेषक सुरू होतो. "हा काऊन काळी पेते बे? पक्का तिकडचा हाये हा!" सगळे हसतात. काळी चाय पिणारा बिचारा सांगून थकतो, "मले दूध पचत नाही राजेहो." पण ऐकतो कोण? त्याच्या कपावर शिक्का बसलेला असतो.

खरं सांगा, अशी एक यादी तुमच्याही डोक्यात तयार आहे ना? कॅफेतली कोल्ड कॉफी घेणारा म्हणजे पुरोगामी. गुळाची चाय मागणारा म्हणजे संस्कृतीवाला. ताक पिणारा म्हणजे शेतकरी आंदोलनवाला. ग्रीन टीवाला म्हणजे पुण्याहून सुट्टीत आलेला. आणि एनर्जी ड्रिंकचा डबा घेऊन फिरणारा म्हणजे मतदानाच्या दिवशी दुपारी दोनला उठणारा.

यात दोष तुमचा नाही. आपला जिल्हाच भाकितांचा आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी तुम्हाला माहीत असेलच. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात गोल घट आखतात. कडेनं अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्याची घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, सांडोई, भजं, वडा. पानसुपारी म्हणजे राजा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं, ते पाहून पाऊस, पिकं आणि देशाची गादी यांचं भाकीत सांगतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे असं गावकरी सांगतात, आणि तिला शास्त्रीय आधार नाही असं अंनिस सांगते. पण जिथं सुपारीवरून राजा ओळखतात, तिथं चायवरून मतदार ओळखायला काय हरकत आहे, असं आपल्या मित्राला वाटलं तर नवल नाही.

तर आज हा खेळ थोडा सिरियसली खेळून पाहू. कोण काय पितो यावरून तो कुणाला मत देतो, हे खरंच कळतं का?

लाटेवाले आणि बिअरवाले

हा खेळ फक्त आपल्या टपरीवरचा नाही. अमेरिकेत तो फार जोरात चालतो. २००४ साली तिथं अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हॉवर्ड डीन नावाचे नेते रिंगणात होते. त्यांच्याविरुद्ध एक टीव्ही जाहिरात आली. तिच्यात एक वयस्कर जोडपं त्यांना जी शेलकी विशेषणं लावतं, त्यात एक होतं 'लाटे पिणारे'. लाटे म्हणजे भरपूर दुधाची इटालियन पद्धतीची कॉफी. मतलब काय, तर हा माणूस आपल्यातला नाही, शहरी आहे, शिष्ट आहे. 'लाटे पिणारा उदारमतवादी' ही तिथली ठरलेली चेष्टा आहे. पुढे २०१२ च्या निवडणुकीच्या वेळी तर कोणत्या ब्रँडची बिअर पिणारे कोणत्या पक्षाकडे झुकतात, याचे तक्ते छापून आले.

मग संशोधकांनी हे तपासायला घेतलं. २०१८ साली डायना मट्झ आणि जान्हवी राव यांनी लाटेवरच एक शोधनिबंध लिहिला. उदारमतवादी मंडळी लाटे थोडी जास्त पितात, हे त्यांना आढळलं. पण फरक छोटा होता. दोन्ही बाजूंची बहुतेक माणसं लाटे पीतच नव्हती! म्हणजे समोरच्याच्या हातात लाटे दिसली म्हणून त्याचं मत ओळखायला गेलात, तर तुमचं तोंड पोळण्याचीच शक्यता जास्त.

त्याआधी २०१५ मध्ये डॅनिएल डेलापोस्टा, योंगरेन शी आणि मायकल मेसी या तिघांनी वेगळा प्रश्न विचारला होता. मुळात लाटे आणि उदारमतवाद यांची गाठ पडते कशी? कॉफीत तर विचारधारा घातलेली नसते. त्यांचं उत्तर आपल्या टपरीवर सहज समजावता येतं.

दोन टपऱ्यांचं गणित

समजा तुमच्या कॉलेजसमोर दोन टपऱ्या आहेत. एक आल्याची चाय देते, दुसरी विलायचीची. पहिल्या दिवशी कोण कुठं जाईल हे अगदी योगायोगावर आहे. पण एक मित्र आल्याच्या टपरीवर गेला, म्हणून दुसरा गेला. दुसरा गेला, म्हणून त्याचा रूम पार्टनर गेला. रोज तिथं बसून एकमेकांचं ऐकलं. व्हॉट्सअॅपवर तेच फॉरवर्ड, तीच रील, त्याच नेत्याची मिमिक्री. ज्याला ते पटत नव्हतं तो हळूच उठून विलायचीवाल्याकडे गेला. वर्षभरानं कुणी सर्व्हे केला तर निष्कर्ष येईल, आलेवाले अमुक पक्षाचे, विलायचीवाले तमुक पक्षाचे. पेपरात हेडलाइन येईल, 'आलं खाल्ल्यानं विचार बदलतात!'

आल्याचा यात काहीही गुन्हा नाही. आपण आपल्यासारख्यांजवळ बसतो आणि ज्यांच्याजवळ बसतो त्यांच्यासारखे होत जातो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आवडीनिवडी आणि मतं एकाच गाठोड्यात बांधली जातात. संशोधकांनी संगणकावरच्या मॉडेलमधून दाखवलं ते साधारण हेच. कप तुमचं मत सांगत नाही. फार तर तुम्ही कुणाजवळ बसता ते सांगतो.

आता हे गणित बुलढाण्याला लावून पाहा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल फक्त ८४१ मतांनी लागला. समोरासमोर होत्या दोन शिवसेना, एक धनुष्यबाणाची, एक मशालीची. दोन्हीकडचे कार्यकर्ते काल-परवापर्यंत त्याच हॉटेलात, त्याच बाकड्यावर, त्याच किटलीतली चाय पीत होते. तुमच्या मित्रानं मतदानाच्या आदल्या दिवशी प्रत्येक टपरीवर जाऊन सगळ्यांचे कप तपासले असते, तरी ते ८४१ त्याला कुठं सापडले असते? आणखी गंमत म्हणजे कपबशी, किटली ही निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतली चिन्हं आहेत. म्हणजे हातात कपबशी धरून कपबशीच्या विरोधात मत देणारे कितीतरी असतील.

१८९० चा तो कप

चहावरून माणूस ओळखण्याचा सर्वात मोठा प्रयोग महाराष्ट्रात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच झाला आहे. आणि तो साफ फसला.

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्यातलं पंचहौद मिशन. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान, यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना तिथं एका कार्यक्रमाला बोलावलं. कार्यक्रम झाल्यावर चहा-बिस्किटं आली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा! कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी ठेवून दिला. पुढं गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव' या वृत्तपत्रातून जाहीर होतील अशी व्यवस्था केली आणि गावात भडका उडाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. काहींच्या घरच्या धार्मिक कार्याला भटजी मिळणं मुश्कील झालं.

त्या यादीत कोण होतं? न्यायमूर्ती रानडे होते. टिळक होते. गोखले होते. जरा थांबा आणि ही तीन नावं पुन्हा वाचा. या घटनेनंतर जेमतेम पाच महिन्यांत, मार्च १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलींच्या बाबतीत संमतीचं वय दहावरून बारा करणारा तो कायदा. रानडे आणि गोखले त्याच्या बाजूनं, टिळक कडाडून विरोधात. पुढची कित्येक वर्षं पुण्याचं राजकारण या दोन बाजूंमध्ये विभागलं गेलं. पण कप? कप एकाच किटलीतून भरलेले होते.

सनातन्यांना वाटलं, हा चहा प्यायला म्हणजे सुधारक. चूक. सुधारकांना वाटलं, चहा पिणारा आता माघार घेणार नाही. तेही चूक. रानड्यांनी पुढं प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे स्वतःचेच अनुयायी नाराज झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. म्हणजे चहानं कुणाचंच काही सांगितलं नाही. सांगितलं ते यादी छापणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी. आज कुणाचा कॅफेतला फोटो ग्रुपवर टाकून 'बघा हे लोक' असं लिहिलं जातं ना, त्याचं हे खापरपणजोबा समजा.

चहा तोच, खुर्ची बदलली

म्हणजे पेयांना राजकारण चिकटतच नाही असं नाही. चिकटतं, पण बाहेरून. आणि ते निघतंही लवकर.

चहाचंच बघा. इंग्रज मळेवाल्यांचा माल म्हणून स्वदेशीच्या काळात अनेक राष्ट्रवाद्यांचा चहाला विरोध होता. चहा, कॉफी, कोको शरीराला गरजेचे नाहीत, असं गांधीजींनी आरोग्यावरच्या पुस्तकात लिहिलं. दुसरीकडे चहा उद्योग रेल्वे स्टेशनांवर आणि बाजारांत फुकट कप वाटून लोकांना सवय लावत होता. आणि स्वातंत्र्याच्या सुमाराला, १९४७ मध्ये, अन्नदा मुन्शी या चित्रकारानं केलेली जाहिरात आली, चरखा चालवणारी बाई, शेजारी चहा आणि दावा असा की चहा शंभर टक्के स्वदेशी! तीच पत्ती, तोच मळा. फक्त लेबल उलटं झालं.

२०१४ मध्ये चहा पुन्हा मैदानात आला. काँग्रेसच्या एका नेत्यानं चहा विकण्यावरून टोमणा मारला. भाजपनं तो उचलून 'चाय पे चर्चा' सुरू केली. त्यातली एक चर्चा आपल्या विदर्भातच झाली, २० मार्च २०१४ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या दाभडी गावात, शेतकऱ्यांसोबत. पण म्हणून त्या वर्षी चहा पिणारे सगळे भाजपचे झाले का? काँग्रेसच्या कार्यकर्त्यानं काय काढा घेतला?

कोल्ड्रिंकची तीच गत. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. कंपनीतली भागीदारी कमी करा आणि फॉर्म्युला सांगा, या अटी कोका-कोलाला मान्य नव्हत्या. कंपनी देश सोडून गेली. तिच्या जागी सरकारी कंपनीनं 'डबल सेव्हन' (७७) नावाचं पेय काढलं. नावातच सत्ताबदलाचं वर्ष! लोकांनी मात्र त्याला फारसं जवळ केलं नाही. त्याच काळात आलेलं थम्स अप चाललं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिनं थम्स अपच विकत घेतलं. आज थम्स अप पिणारा स्वतःला पक्का देशी समजतो, तेव्हा ती बाटली कुणाची आहे हे त्याला हळूच सांगा.

आणि महाराष्ट्राचा आवडता कार्यक्रम तर तुम्ही दरवर्षी पाहता. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक 'चहापानावर बहिष्कार' टाकतात. युतीवाले विरोधात होते तेव्हा त्यांनी टाकला. आघाडीवाले विरोधात गेल्यावर त्यांनी टाकला. मग पुन्हा भाजपनं, मग पुन्हा आघाडीनं. यातल्या एकालाही चहा आवडत नाही असं नाही. विरोध यजमानाला असतो, पत्तीला नसतो.

कुणाच्या हातचा?

इथं एक गंभीर गोष्ट लपलेली आहे. काय पितो यापेक्षा कुणाच्या हातचं पितो, कुणासोबत पितो, यानं आपल्या समाजात माणूस जास्त ओळखला गेला आहे.

शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित माणसानं शाहू महाराजांच्या मदतीनं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. तिथला चहा कोण पिणार, हा प्रश्नच होता. मग महाराज स्वतःची गाडी तिथं थांबवू लागले. चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबत आलेल्या बड्या मंडळींच्याही हातात कप द्यायचा. महाराजांना 'नको' कोण म्हणणार? त्या कपानं मात्र खरोखर काहीतरी सांगितलं. कारण तो आवडीचा कप नव्हता, निवडीचा होता.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा पाण्याच्या चवीचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. हॉटेलात काहींसाठी वेगळी कपबशी ठेवायची पद्धत आठवणारी माणसं अजून तुमच्या-माझ्या घरात आहेत. आजोबांना एकदा विचारून पाहा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेही बघा.

आणि स्वतःच्या टपरीकडेही एकदा पाहा. संध्याकाळी सहा वाजता तिथं राजकारणावर तावातावानं बोलणारे वीसजण असतील, तर मुली किती? आपल्या तालुक्याच्या गावांत मुलगी टपरीवर उभी राहून चाय पीत बसली, तर तिच्याबद्दल दुसऱ्या दिवशी काय बोललं जातं, हे तुम्हाला माहीत आहे. मग टपरीवरची चर्चा ही 'तरुणांचं मत' कशी? ती अर्ध्या तरुणांची झाली. कपावरून राजकारण ओळखायचंच असेल तर कुणाच्या हातात कपच पोहोचला नाही, इथून सुरुवात करा.

उभी बाटली, आडवी बाटली

पेयाचं थेट मतदान कुठं होतं, सांगू? आपल्याच राज्यात. २००८ पासूनच्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या दारू दुकानाविरुद्ध पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की पडताळणी करून गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तरच दुकान हटतं. लक्षात घ्या, आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्या. ज्या दिवशी रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहायचं, त्या दिवशी हा आकडा गाठणं किती अवघड असतं, ते ज्या गावांनी हे केलं त्यांना विचारा.

इथं मत देणाऱ्या बहुतेक बायका दारूला शिवतही नाहीत. तरी त्या बाटलीबद्दल त्यांचं मत ठाम असतं, कारण बाटलीचा खर्च त्यांच्या घरातून जातो आणि तिचा मार त्यांच्या पाठीवर बसतो. म्हणजे जे पितो त्यावरूनच राजकारण ठरतं असंही नाही. जे दुसरा पितो आणि किंमत आपण मोजतो, त्यावरून ते जास्त पक्कं ठरतं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री का बंद ठेवावी लागते, याचा विचार केलात तर उमेदवारांना ही गोष्ट आपल्याआधी कळली आहे, हे ध्यानात येईल.

आता कप उकलून पाहू

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे चायचा अन् राजकारणाचा काही संबंध नाही. थांबा. पिणाऱ्याकडे बघणं सोडा आणि कपात बघा.

साखर. साखर कारखान्यांनी किती दरापेक्षा खाली साखर विकायची नाही, हे केंद्र सरकार ठरवतं. २०१९ मध्ये तो दर किलोला ३१ रुपये केला गेला. उसाला किमान किती भाव द्यायचा, तेही सरकारच ठरवतं. आपल्या जिल्ह्यातला दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना एकेकाळी चालायचा, नंतर बंद पडला. तो का बंद पडला, यावर सिंदखेडराजा तालुक्यातल्या कुठल्याही हॉटेलात एक तास बोलणारा माणूस सापडेल.

दूध. भाव पडला की शेतकरी ते रस्त्यावर ओततात. त्या आंदोलनाच्या बातम्या तुम्ही पाहिल्या आहेत. सुट्या दुधावर जीएसटी नाही, चहापत्तीवर आणि साखरेवर ५ टक्के, आणि शेजारच्या फ्रीजमधल्या कोल्ड्रिंकवर सगळं धरून ४० टक्के. गॅसची निळी टाकी व्यावसायिक दराची. प्लास्टिकचे कप गेले आणि कागदाचे आले, ते २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीनंतर. दहा रुपयांच्या कपात एवढी मंत्रालयं बसलेली आहेत. त्यातल्या एकाही गोष्टीचा कप कुणी धरलाय याच्याशी संबंध नाही. पक्का उजवा असो की पक्का डावा, दोघांनाही दहा रुपयेच द्यावे लागतात.

आणि सगळ्यात जास्त काय असतं कपात? पाणी.

घाटाखालचं पाणी

आपल्या जिल्ह्यात ओळख विचारताना आधी विचारतात, घाटावरचा का घाटाखालचा? पेयावरून माणूस ओळखायचाच असेल तर बुलढाण्यात ही एकच खूण खरी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पट्टा खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खणली, बोअर मारली, तरी पाणी लागतं ते खारं. त्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, चायची चव बिघडते. पण चायची चव ही सगळ्यात छोटी तक्रार. तिथल्या गावांमधले किडनीचे आजार ही मोठी तक्रार आहे, आणि ती तुमच्या वर्गातल्या काही मुलामुलींच्या घरातली गोष्ट आहे.

२०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले. देशभरच्या चॅनेलच्या गाड्या आल्या. टकलावर विनोद झाले, रील झाल्या. गावकऱ्यांचा पहिला संशय कशावर गेला? पाण्यावर. नमुने तपासले तेव्हा पाण्यात नायट्रेटचं प्रमाण जास्त आढळलं. पुढं चर्चा गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. पण विचार करा, ज्या गावाचा आपल्या पाण्यावर आधीपासून विश्वास असतो, त्या गावाला पहिला संशय पाण्याचा येईल का?

उपायांच्या घोषणा कमी नाहीत. नांदुरा तालुक्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प १९९० च्या दशकात मंजूर झाला. तुमच्या जन्माआधी. त्याचा खर्च शेकडो कोटींवरून हजारो कोटींवर गेला आणि काम अजून पूर्ण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. चारशे किलोमीटरहून लांब कालवे, ऐंशी हजार कोटींहून जास्त खर्च, आणि शेवट आपल्या नळगंगेत. जलजीवन मिशनचं लक्ष्य ग्रामीण भागात दर माणशी दर दिवशी ५५ लिटर नळाचं पाणी. या तिन्ही गोष्टींत सगळ्या पक्षांची सरकारं कधी ना कधी सत्तेत होती. पाण्याचा जार मात्र आपण अजून विकत आणतो.

म्हणून आता टपरीवरचा खेळ जरा बदलून पाहा. 'तू कोणती चाय पेतो?' याऐवजी ग्रुपमधल्या प्रत्येकाला विचारा, "तुमच्या गावात नळाला किती दिवसांनी पाणी येतं? पिण्याचं पाणी विकत घेता का? महिन्याला किती रुपयांचं? ते भरायला घरातलं कोण जातं?" चार मिनिटांत कळेल, की आलेवाले आणि विलायचीवाले अशा दोन गटांपेक्षा ही विभागणी फार वेगळी आहे. एकमेकांच्या नेत्यांना शिव्या देणारे दोघं एकाच टँकरच्या रांगेतले निघतील. मग उमेदवार कॉलेजच्या गेटवर हात जोडायला आला, की त्याला चायचे पैसे द्यायला लावू नका. हीच उत्तरं एका कागदावर गावांच्या नावांसकट लिहून त्याच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा. टपरीवर असाल तर बाकीचे ऐकतीलच. मुलींना बोलवायला विसरू नका. पाणी बहुतेक घरांत त्याच भरतात, त्यामुळे खरा हिशेब त्यांच्याकडेच असतो.

आणि हो, तो काळी चाय पिणारा मित्र. त्याला खरंच दूध पचत नाही. विश्वास ठेवा. तो मत कुणाला देणार हे जाणून घ्यायचंच असेल तर सरळ विचारा. सांगितलं तर ऐकून घ्या, पटलं नाही तर भांडा, पण चायचा दुसरा राउंड होईपर्यंतच. नाही सांगितलं तर तो त्याचा हक्क आहे. मत गुप्त असतं राजेहो, चाय नसते.